पाव फेरा मागे

मिस्त्री कुठाय, विचारतो भुजंग खरमाटे
माझ्या खांद्यावरून मागे बघत.
मागे भिंत आहे. भिंतीवर नंबरवार टांगलेले पाने
आणि औंधच्या आयटीआयचं माझं प्रमाणपत्र,
त्याच्या काचेवर कुणाचा तरी ग्रीसचा अंगठा.
मिस्त्री समोर आहे, म्हणते मी.
पुढच्या चाकांना दगड लाव.

निगडीचं ट्रान्सपोर्ट नगर, सकाळचे साडेसहा.
बारा टायरी गाडी, कागलची साखर
रात्रीच भोसरीत उतरवून आलेली.
तक्रार एवढीच : डावीकडं ओढती जरा.
ड्रायव्हरच्या तोंडचा जरा मला ठाऊक आहे,
त्यात अख्खा घाट मावतो.

जॅक. घोडी. चेंबरची स्प्रिंग आधी बोल्टनं बांधून टाकते,
ती सुटली तर कुणाचं नाव विचारत नाही.
मग चाकं, मग हब, मग ड्रम,
आणि आत ती काळी, पिठासारखी धूळ.
साबणाचं पाणी केलंस का, विचारतात अण्णा
दारातल्या पालथ्या ड्रमावर बसून.
चाळीस वर्षं त्यांनी ही धूळ तोंडानं फुंकली.
आता माळ्यावर चढताना दोनदा थांबतात
आणि मला रोज हेच विचारतात.
केलंय, अण्णा.

उजवा ड्रम टांगून हातोडीनं हलकेच वाजवते.
तो वाजतो, जेवणाचं ताट फरशीवर पडावं तसा,
लांबपर्यंत.
डावा म्हणतो थप्.
ओली वीट.
आत बॅटरी मारली तर निळे डाग,
आणि भेगा, बारीक, एकमेकींत शिरलेल्या,
मे महिन्यातल्या पाझर तलावाचा तळ.

न्यूट्रलवर उतरलास.
नाही ओ ताई.
कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत,
पाय ब्रेकवर ठेवून. किती वाचलं? दीड लिटर?
तो ड्रमाकडे बघतो, चुगली केल्यासारखं.
शेठ लिटर लिटर मोजतो, म्हणतो.
मग बऱ्याच वेळानं, मी लायनरचे रिव्हेट उडवत असताना :
उतारावर दाबला तर गाडी ऐकंना.
म्होरं पिवळी बस होती, शाळेची.
छिन्नी थांबते माझी.
मग?
मग ऐकली.

शेठचा फोन. एकाच बाजूचे टाका लायनर,
ड्रम लेथवर घासून घ्या, चालतंय की अजून.
ड्रमाच्या अंगावरच लिहिलेली असते त्याची हद्द,
हा तिच्या अडीच मिलीमीटर पलीकडे गेलाय.
नवं एकीकडे, जुनं एकीकडे, तर गाडी फिरते, शेठ,
बैलजोडीत एकच बैल नवा घेतल्यावर फिरते तशी.
अण्णांना द्या फोन.
अण्णा झोपलेत.
अण्णा समोर चहा पीत होते, बशीतून.
त्यांनी डोळे मिटून घेतले.

दोन्ही बाजूंचे लायनर, दोन्ही ड्रम, स्प्रिंगा नव्या.
रिव्हेट मधून सुरू करून कडांकडे,
कॅमला ग्रीस बोटभर, त्याहून कणभर जास्त नाही,
लायनरला लागलं की सगळी मजुरी पाण्यात.
मग स्लॅक : पाना घालून आवळत जायचं
चाक हातानं हलेनासं होईपर्यंत.
भुजंग म्हणतो, बास, असंच राहू द्या, टाइट.
आणि दारातून, डोळे न उघडता :
पाव फेरा मागे, पोरी.

हे मला विसरता येत नाही, पण ते सांगतातच.
टेकून राहिलेला लायनर रिकाम्या रस्त्यावरही जळतो,
फार मागे सरलेला, वेळ आली की पोचत नाही.
मध्ये पोस्टकार्ड जाईल एवढी जागा.
चाक फिरवून कान लावते. नुसतं खर्र, पुसट.
ठीक.

बारा वाजता मागच्या रस्त्यावर चाचणी.
मी क्लीनरच्या जागी बसलेय.
वीसचा वेग. दाब, म्हणते.
गाडी नाक खाली घालून सरळ उभी राहते,
ना डावीकडे, ना उजवीकडे.
डॅशबोर्डवरचा लिंबू तेवढा पुढे गडगडतो.

झालं, म्हणते मी. सोड आता.
भुजंग खरमाटे पाय काढत नाही.
समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत बसतो.
मीही दार उघडत नाही.